पेशंट लई शांत हाय
आज दुपारभर रानडुकराच्या कवटीच्या सीटी स्कॅनसमोर बसलोय, डोळे चुरचुरायलेत पण उठवेना. राधानगरी, भुदरगड साइडला ह्यानं ऊस मोडला, भुईमूग उकरला की आपण शिव्या घालतो, पण तोंड आतनं बघा एकदा! 44 दात. आणि खालचा सुळा बाहेर दिसतो तो निम्मापण नाही, बाकीचा जबड्यात विळ्यासारखा वळत पार दाढांखाली गेलाय, मुळाशी उघडाच, पोकळ, म्हणून नराचा सुळा जन्मभर वाढत राहतो आणि वरच्या सुळ्यावर घासून घासून धार लागत्या. एकेक स्लाइस सरकवली की ती पोकळी काळी दिसते. टेक्निशियन म्हणतोय, "सर, पेशंट लई शांत हाय, जरापण हलला नाही." चहा तसाच गार झाला राव.