उंदीर, डुक्कर आणि 13 घोडे

1950 च्या दशकातल्या फियाट 1100 ला आपल्याकडे लोक सरळ 'डुक्कर फियाट' म्हणायचे, आणि तिकडे इटलीत 1936 च्या फियाट 500 ला नाव पडलं तोपोलिनो, म्हणजे छोटा उंदीर (मिकी माऊसलाही तिकडे हेच म्हणतात). गाड्यांना नावं ठेवण्यात दोन्हीकडची माणसं सारखीच!

तर हा उंदीर फियाटच्या दान्ते जाकोझा या इंजिनिअरचा, आणि 1957 ला जी नवी 500 आली तीपण त्याचीच. ही नवी सगळ्यांना माहितीये, फ्रिज मॅग्नेटवर वगैरे असते ती. मला मात्र उंदीरच जास्त आवडतो. मोठी गाडी कुणीतरी चुकून गरम पाण्यात धुतली आणि ती स्वेटरसारखी आटली असं वाटतं तिच्याकडे बघून. 569 सीसीचं इंजिन, तेही चांगलं चार सिलिंडरचं, अगदी नाकात, आणि रेडिएटर त्याच्या मागे वरच्या बाजूला, वॉटर पंपच नाही, गरम पाणी आपोआप वर जातं नि गार होऊन खाली येतं, आपल्या गच्चीवरच्या सोलर हीटरसारखं. रेडिएटर मागे गेला म्हणून तर ते नाक असं छान उतरतं करता आलं.

नवीत इंजिन गेलं मागे. सिलिंडर दोनच, 479 सीसी, हवेवर थंड होणारं, म्हणजे पाणी नि रेडिएटरची भानगडच नाही. आणि ताकद? तेव्हाही 13 हॉर्सपॉवर, आताही 13! मध्ये अख्खं महायुद्ध होऊन गेलं पण घोडे तेवढेच. गिऱ्हाईक होतं व्हेस्पा-लॅम्ब्रेटावर बायकापोरं घेऊन फिरणारं, त्यामुळे काटकसर एवढी की पहिल्या गाड्यांत दाराच्या काचा खाली होत नव्हत्या आणि मागे धड सीटही नव्हती. लोकांनी नाकं मुरडली, मग काही महिन्यांतच फियाटला सुधारणा कराव्या लागल्या. छप्पर कापडाचं, पत्रा वाचतो आणि इंजिनचा आवाजही वरून निघून जातो.

तो आवाज मी ऐकलाय. ऑफिसच्या कामाने तुरिनला गेलो होतो, तिथे एक आजोबा गल्लीत आपली 500 पुसत होते, मी घुटमळतोय बघून म्हणाले बस. गुडघे स्टिअरिंगला टेकले. दोन सीटच्या मध्ये खाली दोन छोटे दांडे, एक चोकचा, दुसरा स्टार्टरचा, तो त्यांनी ओढला आणि गाडी जी फटफटायला लागली की मला थेट लुनाच आठवली.

मग मी मोबाईलवर आमच्या आजोबांच्या 1100 चा फोटो दाखवला, तीही जाकोझाचीच. 'मिल्लेचेंतो!' (इटालियनमध्ये अकराशे) म्हणून ओरडलेच ते, आणि तुमच्याकडे काय म्हणतात हिला असं खुणेनं विचारलं. डुकराला इटालियनमध्ये काय म्हणतात ते काही केल्या आठवेना, मग शेवटी भर गल्लीत तोंडाने आवाज काढून दाखवला.