तुम्ही विचारलंत म्हणून : नोकरी सोडून पायलट व्हायचंय, स्वस्त शाळा कुठली?

"वय ३२, आयटीत नोकरी, घराचा हप्ता चालू आहे. पायलट व्हायचंय. परवडेल अशी फ्लाइंग स्कूल सांगा." वय कधी २७ असतं, कधी ३८, पण प्रश्न हाच. सोबत चार शाळांचे ताशी दर लिहिलेले असतात आणि खाली, 'यातली कुठली घेऊ?'

त्या दरांवरून काहीच सांगता येत नाही. शाळेला दोन आकडे विचारा : गेल्या बारा महिन्यांत तुमची विमानं एकूण किती तास उडाली, आणि पटावर विद्यार्थी किती? भागाकार घरी येऊन करा.

समजा, शाळेकडे दहा विमानं आहेत. माहितीपत्रकावर दहाच्या दहा चकाचक उभी. प्रत्यक्षात त्यातली सहा उडण्याच्या स्थितीत असतात. उरलेल्यांपैकी एक तपासणीत, एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलेलं, एक सुट्या भागाची वाट बघत, आणि एक असं की ज्याचे भाग काढून बाकीची चालवली जातात. सहा विमानं दिवसाला सरासरी चार तास उडाली तर २४ तास होतात. पाऊस, धुकं, वारा, सुट्ट्या वजा जाता वर्षाचे २५० दिवस धरू. म्हणजे ६,००० तास. विद्यार्थी शंभर असतील तर माणशी वर्षाला ६० तास आले. वैमानिकाच्या नोकरीसाठी लागणाऱ्या कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. म्हणजे तीन वर्षं आणि वर चार महिने, तेही सगळं सुरळीत झालं तर. आणि शाळेनं सांगितलेलं असतं, 'अठरा महिन्यांत होऊन जातं.'

आता पैशाचं बघू. एक शाळा ४५ लाखांत करून देते पण अडीच वर्षं घेते. दुसरी ५४ लाख मागते आणि १६ महिन्यांत सोडते. फरक १४ महिन्यांचा. खोली, मेस, गाडीभाडं महिना २० हजार धरलं तर २ लाख ८० हजार. सोडलेला पगार हातात ६० हजार असेल तर ८ लाख ४० हजार. झाले ११ लाख २० हजार. नऊ लाखांनी महाग असलेली शाळा दोन लाखांनी स्वस्त निघाली, आणि कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. विशीतला मुलगा आईवडिलांच्या घरून गेला असेल तर त्याला हा हिशेब वेगळा लागू पडतो. नोकरी सोडून येणाऱ्याला मात्र दर महिना पगाराएवढा महाग पडतो.

लांबलं की आणखी एक भानगड होते. नियमानुसार २०० पैकी १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख वैमानिक म्हणून उडवलेले असावे लागतात, आणि त्यातले किमान १५ लायसन्सच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले. उड्डाण परीक्षाही त्याच सहा महिन्यांतल्या लागतात. शेवटचं बहुइंजिन विमानाचं प्रशिक्षण सात-आठ महिने रखडलं की आधीच्या परीक्षा शिळ्या होतात. मग परत तास घ्या, परत परीक्षक शोधा, परत पैसे भरा. हे 'अतिरिक्त तास' कुठल्याही कोटेशनमध्ये नसतात.

रखडतं ते बहुतेक वेळा इथेच. शाळेकडे बहुइंजिनाचं विमान एकच असतं, ते महिनाभर जमिनीवर बसतं आणि १८५ तास झालेली वीस-पंचवीस मुलं १५ तासांसाठी रांगेत. म्हणून बहुइंजिनाची विमानं किती, गेल्या वर्षी ती किती दिवस बंद होती आणि आज रांगेत किती जण आहेत, हे वेगळं विचाराच.

दुसरी अडचण रात्रीची. लायसन्सला रात्रीचे पाच तास लागतात, त्यात दहा उड्डाणं आणि दहा उतरणं. शिवाय रात्रीची उड्डाण परीक्षा, आणि कुठेही न उतरता परत येणारी १२० नॉटिकल मैलांची रात्रीची क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबची फेरी. धावपट्टीला दिवेच नसतील, किंवा विमानतळ संध्याकाळी बंद होत असेल, तर शाळा तुम्हाला तुकडी करून दुसऱ्या गावी पाठवते. तिथला मुक्काम, विमान नेण्याआणण्याचे तास आणि वाट बघणं कोणाच्या खिशातून, ते लेखी घ्या.

हवामानाचं गणित प्रत्येक गावाचं निराळं. एकट्यानं उडवायचं तर दृश्यमानता पाच किलोमीटर हवी. त्यामुळे उत्तरेत, रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला किंवा त्या पट्ट्यात कुठेही, डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी धुक्यात जातात. बारामती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस गोंदियापेक्षा पुष्कळ कमी. पण पठारावर जून-जुलैचा वारा जोरदार असतो. सेस्ना १५२ हे शिकाऊ विमान किती आडव्या (बाजूनं येणाऱ्या) वाऱ्यात उतरवता येतं, ते कंपनीनं १२ नॉटपर्यंत दाखवलेलं आहे, थोड्या मोठ्या १७२ साठी १५ पर्यंत. नवशिक्याला शाळा त्याच्याही बऱ्याच खाली थांबवते. म्हणजे आकाश निळंभोर आणि विमानं हँगरात, असे दिवस येतात. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे महिन्यात दुपारी तापलेल्या हवेत छोटं विमान चढायला कुरकुरतं आणि हेलकावतं, मग सकाळ-संध्याकाळच उरते. म्हणून जुलै आणि जानेवारी या दोन महिन्यांचे तास वेगळे मागा. वार्षिक सरासरीत ते लपतात.

विमान कुठलं, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. सेस्नावर शिकलेला आणि डायमंड या दुसऱ्या कंपनीच्या विमानावर शिकलेला दोघेही पुढे एअरबसवर पहिल्यापासूनच शिकतात. इंधन मात्र बघा. सेस्ना १७२ तासाला साधारण ३० ते ३५ लिटर एव्हिएशन पेट्रोल पितं. हे पेट्रोल आपल्याकडे २०२२ पर्यंत बाहेरून यायचं, मग इंडियन ऑइलनं वडोदऱ्यात बनवायला सुरुवात केली. डायमंडची डिझेल इंजिनं मोठ्या विमानांच्या इंधनावर, एटीएफवर, चालतात आणि पितातही कमी. करारात 'इंधन दरवाढ विद्यार्थ्याकडून' असं वाक्य असेल तर हा फरक तुमच्या खिशातून जातो.

हे सगळं शाळा निवडताना. पण राजीनामा देण्याआधी दोन कामं उरकायची असतात, आणि नेमकी तीच लोक मागे ठेवतात.

पहिलं मेडिकल. आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग क्लास वन ही व्यावसायिक वैमानिकाची कडक तपासणी. पस्तिशीनंतर रक्तदाब, साखर, ईसीजी यांत काहीतरी निघायची शक्यता वाढते. रंगांधळेपण असेल तर तिथेच थांबावं लागतं. चष्मा चालतो. क्लास वन हातात येईपर्यंत कुठल्याही शाळेत एक रुपया भरू नका. शाळा म्हणेल, 'मेडिकल होईल हो, जागा भरतायत, आधी बुकिंग करा.' जागा भरत नसतात.

दुसरं म्हणजे लेखी परीक्षा. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल जनरल हे चार पेपर नोकरी सांभाळून देता येतात. प्रत्येकात ७० टक्के लागतात. डीजीसीए, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून कॉम्प्युटर नंबर (परीक्षेचा नोंदणी क्रमांक) काढायचा आणि संध्याकाळच्या वर्गांना बसायचं. सहा ते नऊ महिने लागतात. टेक्निकल स्पेसिफिक तेवढा मागे ठेवा, कारण तो ज्या विमानावर शिकणार त्या विमानाचा असतो. चार पेपर खिशात घेऊन गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात उडायला लागतो. न देता गेलेला वसतिगृहाचं भाडं भरत पुस्तक वाचतो. बारावीला भौतिकशास्त्र-गणित नसेल तर ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून आधी करून घ्या. ही अट निघणार अशी चर्चा बरीच आहे, पण चर्चेच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

आणि वयाचं. लायसन्सला किमान अठरा वर्षं पूर्ण लागतात, वरची मर्यादा नाही. विमान कंपन्यांच्या भरतीच्या जाहिरातींत मात्र असते. चाळिशीच्या जवळ असाल तर शाळेआधी त्या जाहिराती वाचा. लायसन्सनंतर टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरबससारखं एखादं ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचे, दहा-वीस लाख वेगळे, ते बजेटमध्ये आत्ताच धरा.

डीजीसीए २०२५ पासून वर्षातून दोनदा शाळांची श्रेणी जाहीर करतं. कामगिरी, सुरक्षा, नियमपालन, विद्यार्थ्यांना मिळणारी मदत असे निकष आहेत. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती, म्हणून 'आम्ही देशात अव्वल' असं कोणी म्हणालं तर श्रेणी विचारा. यादी वाचा, पण तेवढ्यावर ठरवू नका. प्रत्यक्ष जा.

जायचं ते साध्या कामाच्या दिवशी, ओपन हाउसच्या रविवारी नव्हे. सकाळी सहाला धावपट्टीच्या कुंपणाशी उभे राहा आणि नऊपर्यंत किती वेगवेगळी विमानं उठतात ते मोजा. शेपटीवरचे व्हीटीने सुरू होणारे क्रमांक लिहून घ्या. तेच एक विमान पाचदा उठलं तर ती पाच विमानं नव्हेत. मग हँगरात जा. धूळ बसलेलं, टायर बसका, प्रोपेलर काढलेला, इंजिनाचं झाकण उघडं अशी किती उभी आहेत ते बघा. तपासणीतलं विमान ओळखू येतं : भोवती माणसं असतात, ट्रेमध्ये भाग मांडलेले असतात, कागद लटकवलेले असतात. सोडून दिलेल्या विमानाभोवती कोणी नसतं. पंखावर पक्ष्यांची घाण असली तर विचारायचीही गरज नाही.

इन्स्ट्रक्टर किती आणि त्यातले चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर पूर्णवेळ तिथेच असतात का, हेही बघा. बरेच इन्स्ट्रक्टर स्वतःच तास जमवून विमान कंपनीत जायच्या वाटेवर असतात. भरती निघाली की दोन महिन्यांत निम्मे जातात आणि धडधाकट विमानं नुसती उभी राहतात. एका विद्यार्थ्याचा इन्स्ट्रक्टर चार वेळा बदलला की प्रत्येक नवा माणूस त्याला दोन-तीन तास 'बघून' घेतो. ते तासही तुमच्याच बिलात.

पैसे एकरकमी भरू नका, कितीही सवलत दिली तरी. २५ किंवा ४० तासांच्या टप्प्यांनी भरा, उडाल्यानंतर पुढचा हप्ता. शाळा बंद पडली, डीजीसीएनं प्रशिक्षण थांबवलं किंवा तुम्हीच सोडलंत तर उरलेले पैसे किती दिवसांत परत, हे करारात आकड्यांत हवं. 'व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार' असं लिहिलेलं असेल तर पैसे गेले असं धरून चाला. बिलावर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर थांबा : डीजीसीएमान्य शाळांचे मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रम करमुक्त आहेत, हे सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलनं स्पष्ट केलं आहे. गणवेश, मेस, वसतिगृह यांची गोष्ट वेगळी.

कर्ज मोठं असेल तर बँक तारण मागणारच, बहुतेकदा राहतं घर. ओबीसी, भटक्या विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातले असाल तर आधी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या योजना बघा. त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षण चालवलेलं आहे. वयाची आणि उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा.

परदेशाचंही विचारता. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर होतात, ही खरी गोष्ट. पण परत येऊन तिकडच्या लायसन्सचं भारतीय लायसन्समध्ये रूपांतर करावं लागतं : इथल्या परीक्षा, तिकडच्या लायसन्सची आणि तासांची पडताळणी, आणि दोन्हीची वाट बघणं. तिथे निघण्याआधी भारतीय नियमांचा तक्ता छापून सोबत न्या आणि लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) त्याप्रमाणे भरा : ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, तीही दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून, इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवण्याच्या, दहा तासांपैकी सिम्युलेटरवरचे पाचच धरले जातात, रात्रीची उतरणं प्रमुख वैमानिक म्हणून. दोन मित्र मिळून एकानं उडवायचं, दुसऱ्यानं बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट म्हणून बसायचं आणि दोघांनी तास लिहायचे, ही तिकडची स्वस्त पद्धत. ते तास इथे धरले जातील यावर विसंबू नका. परतल्यावर अठरा तास कमी पडले की ते भारतातल्या दरानं, भारतातल्या रांगेत उभं राहून पूर्ण करावे लागतात.

एक प्रश्न सगळे विसरतात. एकट्यानं उतरताना नाकाचं चाक आपटलं, प्रोपेलर जमिनीला लागला, तर विम्याच्या वरची रक्कम कोण भरतं? काही करारांत ती विद्यार्थ्याच्या माथी असते, अगदी बारीक अक्षरात. प्रोपेलर जमिनीला लागला की नुसता प्रोपेलर बदलून भागत नाही, आतलं इंजिन उघडून तपासावं लागतं. ते कलम खोडून घ्या, किंवा किती लाखांपर्यंत ते लिहून घ्या, आणि मगच सही करा.