उतू गेलेल्या दुधाचं व्याकरण

कॅटलान या बार्सिलोनाकडच्या भाषेत दूध आज सकाळी उतू गेलं असेल तर क्रियापदाचं एक रूप लागतं आणि काल गेलं असेल तर दुसरं. आजचं असेल तर ‘ल ल्येत आ बसात’. कालचं, परवाचं किंवा कुणाच्या लग्नातलं असेल तर ‘ल ल्येत बा बसा’. एक रात्र मध्ये गेली की गोष्ट इतिहासात जमा, मग शेगडी अजून पुसायची राहिलेली का असेना.

हे दुसरं वाक्य माझं लाडकं. एक तर ऐकताना कुणी वडीलधाऱ्याला ‘बा, बसा’ म्हणतंय असं वाटतं. दुसरं म्हणजे त्यातलं ‘बा’ हे ‘जाणे’चं रूप आहे, तेही वर्तमानकाळातलं. ‘जातं’ आणि ‘उतणे’ शेजारीशेजारी ठेवले की झाला भूतकाळ. ‘बाच मन्झा’ म्हणजे शब्दशः ‘जाते जेवणे’, आणि अर्थ ‘मी जेवले’. बार्सिलोनात येणारे पुष्कळजण आधी थोडंफार स्पॅनिश शिकून येतात. स्पॅनिशमध्ये जवळपास अशाच ‘जाणे’ने भविष्यकाळ होतो, त्यामुळे इथे समोरचा ‘जेवलो’ म्हणाला तरी त्यांना तो जेवायला बसणार असं वाटतं. आपल्याला एवढं दचकायचं कारण नाही. दूध उतू जातं, रंग उडून जातो, निरोप विसरून जातो. काम निकालात काढायला ‘जाणे’ आपणही रोज राबवतो.

उच्चारांचंही तसंच. बार्सिलोनाकडच्या बोलीत आघात नसलेले ‘आ’ आणि ‘ए’ दोन्ही थेट आपल्या ‘अ’सारखे होतात. लिहायचं ‘ला’, म्हणायचं ‘ल’. हा स्वर स्पॅनिशमध्ये नाही, म्हणून माद्रिदहून आलेला माणूस तोंड उघडताच ओळखू येतो. देवनागरीत मात्र त्यासाठी पहिलंच अक्षर तयार आहे.

आवडीनिवडी तर आयत्याच मिळतात. ‘मग्रादल कफॅ’, मला कॉफी आवडते. ‘मग्रादन लझ ऊलीबस’, मला ऑलिव्ह आवडतात. आवडणारी वस्तू एक की अनेक ते बघून क्रियापद बदलायचं. ज्याला आवडतं तो बिचारा ‘मला’ होऊन कडेला उभा. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी शिक्षिका फळ्यावर उलटसुलट बाण काढतात, तोवर आपण खिडकीबाहेर बघायचं. आणि सुरुवातीचा तो ‘म’ म्हणजे ‘मला’तलाच ‘म’. योगायोग नव्हे, दोन्ही भाषांचं फार जुनं गोत्र एकच आहे.

घड्याळाशी मात्र जरा जुळवून घ्यावं लागतं. सव्वाआठ म्हणजे ‘उन क्वार्त द नॉउ’, नवाचा एक चतकोर. साडेआठ म्हणजे नवाचे दोन चतकोर, पावणेनऊ म्हणजे तीन. पोराला आठ पुरी झाली की आपण ‘नववं लागलं’ म्हणतो, तोच हिशेब इथे तासाला. जेवणाचं आमंत्रण ‘दोस क्वार्त्स द नॉउ’चं असेल आणि कानात फक्त ‘नॉउ’ राहिलं, तर माणूस अर्धा तास उशिरा पोचणार.

दिवा घालवण्याला इथे बरेचजण ‘तांक’, म्हणजे बंद कर, म्हणतात, दारालाही ‘तांक’च. दिवा लावायचा असेल तर तोही दारासारखा ‘उघडायचा’. मला हे फारच सुसंगत वाटतं. मराठीत दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की सुरू होतो, हे एखाद्या कॅटलान माणसाला समजावून बघा. शिवाय दिव्याचा ‘ल्युम’ पुल्लिंगी आणि त्याच शब्दाचा अर्थ प्रकाश असेल तर तो स्त्रीलिंगी. बटण दाबलं की त्यातून ती बाहेर येते.

आणि घर आवरण्याला ‘फे दिसाप्त’, शनिवार करणे. आपल्याकडे शनिवार करणारा उपास करतो, इथे शनिवार करणारा फरशी पुसतो.

इथपर्यंत मराठी बोट धरून येते. मग हात सोडते, आणि सोडते ती नेमकी स्वयंपाकघरात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या ओट्यापाशी उभं राहिलं की व्याकरणाचं पुस्तक किती पातळ आहे ते कळतं. मसुराच्या पातेल्यातलं चमचाभर चाखून त्या म्हणतात, ‘पॉझनि मेस’. मराठीत याला ‘अजून घाल’ एवढं पुरतं. काय घालायचं ते मीठ हातात आहे, कशात ते पातेलं समोर आहे. कॅटलानला तेवढं चालत नाही. ‘पॉझ’ म्हणजे घाल, ‘मेस’ म्हणजे अजून, आणि मधल्या त्या ‘नि’मध्ये दोन वेगळे शब्द कोंबलेले आहेत. ‘न्’ म्हणजे त्या मिठातलं, ‘इ’ म्हणजे त्या पातेल्यात. फ्रिजमध्ये दूध आहे का, याला आपण ‘नाहीये’ म्हणून मोकळे होतो. आजी म्हणतात, ‘नो नि आ’. नाही, त्यातलं, तिथे, आहे. अंडी किती? ‘अन तिंक त्रेस.’ त्यातली माझ्याकडे तीन आहेत. यातला ‘अन’ गाळला तर वाक्य कळतं, पण लंगडतं, आणि ऐकणाऱ्याच्या भुवया किंचित वर जातात.

या चिमुकल्या सर्वनामांना व्याकरणात ‘दुबळी’ म्हणतात. दुबळी कसली! क्रियापदाला दोन्हीकडून चिकटतात, एकमेकांत मिसळतात, स्वर गिळतात, अर्ध्यावर जोडाक्षर होतात. ‘मला त्यातलं दे’ म्हणजे ‘दोनमन’, सलग एका दमात. आपण समोरच्याच्या डोळ्यांवर सोपवतो ते ही भाषा कुणावरच सोपवत नाही. ज्याचं बोलणं चाललंय त्याला वाक्यात हजेरी लावावीच लागते, अर्ध्या अक्षराने का होईना. हे तक्त्यावरून पाठ करणारे मी पाहिले आहेत. परीक्षा पास होतात, आणि पातेल्यासमोर गप्प बसतात.

आजींनी तो तक्ता कधी पाहिलेलाच नाही. पोंपेउ फाब्रा या गृहस्थाने (पेशाने अभियंता, काही वर्षं रसायनशास्त्राचा प्राध्यापक) आधुनिक कॅटलानची घडी बसवली. १९१३ साली लेखनाचे नियम आले, १९१८ साली व्याकरण, १९३२ साली शब्दकोश. १९३९ मध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली, फाब्रा सीमेपलीकडे फ्रान्समध्ये गेला आणि १९४८ साली तिथेच वारला. कॅटलान शाळेतून गेली, कचेरीतून गेली. उरली ती घरात. आजी शिकल्या त्या स्पॅनिश शाळेत. म्हणून ही दुबळी सर्वनामं त्यांच्या तोंडात न चुकता येतात, पण फ्रिजवर चिकटवलेली किराण्याची यादी स्पॅनिशमध्ये असते. दूध, कांदे, साबण, सगळं. ज्या भाषेत त्या दूध मागतात त्या भाषेत त्यांना ‘दूध’ लिहायला कुणी शिकवलं नाही. जिला आपण ‘घरगुती वाक्यं’ म्हणून पहिल्या धड्यात उरकतो, ती त्यांच्या वयाच्या कित्येकांची अख्खी कॅटलान होती.

१९८३ च्या भाषाविषयक कायद्यानंतर कॅटलान शाळेत पुरती परतली. आजींची नात शाळेतच शिकलेली, तिचं लेखन स्वच्छ, आणि त्याचा तिला थोडा तोराही आहे. बार्सिलोनात ‘त्यांना किल्ल्या देते’ म्हणताना बहुतेकजण ‘अल्झी’ म्हणतात. नियमाने त्यात शेवटची ‘ई’ नको. आजी अर्थातच ‘अल्झी’ म्हणतात. परवा रात्री नवाच्या तिसऱ्या चतकोराला नातीने त्यांना यावरून टोकलं, ती ‘ई’ कुठून आली आणि का चालत नाही ते रीतसर समजावून सांगायला लागली. आता ‘पार’ म्हणजे थांब, आणि ‘पार ताउल’ म्हणजे पानं घे, क्रियापद एकच. आजींनी वळूनही पाहिलं नाही.

‘पार,’ त्या म्हणाल्या, ‘इ पार ताउल.’