रिकाम्या टाकीतलं ऊन

काल दुपारी सहज काचेच्या टाकीकडे नजर गेली तर आतल्या थर्मामीटरवर ४१. दिवा बंद होता. नुसतं खिडकीतून आलेलं ऊन, तेही तिरपं, अर्धा तास असेल नसेल. आत अजून कुणी राहायला आलेलं नाहीये म्हणा, झाडंच आहेत, पण माझ्या पोटात गोळा आला तो आलाच.

डे गेकोसाठी व्हिवेरियम, म्हणजे झाडं-मातीसकट काचेचं घर करतेय, पहिलंच. दिवसा हिंडणारी, पोपटी रंगाची पाल, बहुतेक जाती मादागास्कर आणि आजूबाजूच्या बेटांवरच्या, एक आपल्या अंदमानातली पण आहे. चार महिने नुसता प्लॅन चाललाय. माझी एक खोड आहे, काहीही करायचं तर आधी त्याचं चित्र काढायचं आणि मग चित्र नीट आलं नाही म्हणून काम पुढे ढकलायचं. वहीची मागची पानं संपलीत. टाकी ४५ बाय ४५, उंची ६० सेंटीमीटर, उभी, कारण ही मंडळी जमिनीवर फारशी उतरत नाहीत. तळाला पाणी निथळायला क्ले बॉल्स, वर जाळी, मग माती, मग सुका पाला, त्यात बुरशी खाणारे इवले इवले जीव, स्प्रिंगटेल. बांबूचे तुकडे, स्नेक प्लँट, मनी प्लँट. वरून यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, दिव्याखाली एका जागी ३२ पर्यंत, बाकीकडे २५ ते २८, रात्री अजून थोडं उतरू द्यायचं. म्हणजे बाईसाहेबांना ऊब हवी तर वर जावं, नको तर खाली यावं. सगळं चित्रात होतं. खिडकी तेवढी चित्रात नव्हती.

लहानपणी मी आणि दादाने एक नाकतोडा पकडलेला, हिरवागार, चांगला बोटाएवढा. काचेच्या बरणीत गवत घातलं, गवतावर पाणी शिंपडलं, आणि दादाने झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. मोजून सात, आठव्याला हातोडी बोटावर बसली म्हणून. श्वास घेता आला की झालं, असं दादाचं म्हणणं. मला वाटलं बिचाऱ्याला कोपऱ्यातल्या अंधारात कंटाळा येईल, म्हणून मी बरणी उचलून खिडकीत ठेवली, मस्त उन्हात, आणि खेळायला गेले. परत आले तर काच आतून धुकट, गवताला शिजल्यासारखा वास, आणि नाकतोडा एका कुशीवर. दादा म्हणाला, भोकं कमी पडली. मी काही बोलले नाही. पुढे शाळेत हरितगृहाचा धडा आला, ऊन काचेतून आत येतं पण तापलेली हवा बाहेर जात नाही वगैरे, तो मी मार्कांपुरता लिहिला.

लोक विचारतात, ही पाल हातात तरी घेता येते का? नाही. कातडी इतकी नाजूक की धरली तर फाटते. मग काय करायचं? बघायचं. पापण्या नसतात म्हणून जिभेने डोळे कसे पुसते ते बघायचं. वाटीतल्या पाण्याकडे सहसा ढुंकून बघत नाही, पानावरचे थेंब चाटते, म्हणून रोज फवारणी. मॉरिशसमधली एक निळ्या शेपटीची जात तर फुलातला मध चाटत फिरते आणि रूसिया नावाच्या दुर्मिळ झुडपाचं परागीभवन तिच्यावरच चालतं. हे वाचल्यापासून मी फुलं येणारं काहीतरी लावायचं म्हणतेय, म्हणजे परत नवीन चित्र.

झाडं रुजेपर्यंत टाकी महिना-दीड महिना रिकामीच चालवून बघायची असते. मला आधी हा वेळकाढूपणा वाटायचा. काल थर्मामीटर बघून वाटेनासा झाला.

टाकी आतल्या भिंतीला सरकवली. एकटीने, मातीसकट, कंबर अजून बोलतेय. संध्याकाळी दादाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच रिप्लाय, भोकं पुरेशी ठेवलीस ना?

मी लिहिलं, अख्खं झाकणच जाळीचं आहे रे.