लोक्रुमचा राखणदार

मे महिन्याच्या अखेरीस आई आमच्याकडे व्हिएन्नाला आली, तेव्हा चार दिवस सवड काढून आम्ही दोघी क्रोएशियातील डुब्रोव्हनिकला गेलो. तिथला शहराभोवतीचा तट पाहण्यासारखा आहेच, पण त्यावरून चालताना आईचे लक्ष शहराकडे कमी आणि समोरच्या पाण्यातील हिरव्यागार उंचवट्याकडे अधिक होते. "तिथे वस्ती कोणाची?" तिने विचारले. वस्ती नाही, रात्री तिथे राहायला बंदी आहे, असे मी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या बंदरातून त्या लोक्रुम बेटाच्या बोटीत बसलो.

बेट किनाऱ्यापासून जेमतेम सहाशे मीटरवर आहे. बोट थोड्याच वेळात धक्क्याला लागते. तिकिटातच बेटावरील प्रवेशाचे पैसे धरलेले असतात. उतरल्याबरोबर फलक दिसतो: धूम्रपान करू नये, आग पेटवू नये, मुक्काम करू नये. १९७६ पासून हे बेट वनस्पतींसाठी राखीव क्षेत्र आहे, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या पाइनच्या सुयांचा थर पायाखाली करकरू लागला की या नियमांचे कारण कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धक्क्यापासून दहा पावलांवर सावली सुरू होते. वर अलेप्पो पाइन, खाली बाराही महिने हिरवा राहणारा होम ओक, आणि त्यांच्या मधून लॉरेलची दाट झाडी. आईने लॉरेलचे एक गळलेले पान उचलून बोटांत चुरगळले, नाकाशी धरले आणि म्हणाली, "तमालपत्राच्या जवळचा वास आहे, पण अधिक उग्र." मग ते पान तिने दिवसभर मुठीत ठेवले.

लोक्रुम हे नाव आंबट फळांसाठी असलेल्या एका लॅटिन शब्दावरून आले, असे मानतात. इथे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांचा मठ होता आणि त्यांनी बाहेरून आणलेली झाडे इथे लावली. मठाचा पहिला लेखी उल्लेख १०२३ सालचा आहे. ११९२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना वादळात सापडला आणि याच बेटाजवळ वाचला, अशी आख्यायिका आहे. १६६७ च्या भूकंपात शहराबरोबर मठाचीही पडझड झाली. आज पडक्या भिंतींमधून फिरताना एका कमानीखाली उभे राहिले की पलीकडच्या बागेतील ऊन चौकटीत बसवल्यासारखे दिसते. मी तिथे बराच वेळ थांबले.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संन्याशांना बेट सोडावे लागले. लोककथा सांगते की, निघण्यापूर्वीच्या रात्री ते डोक्यावर टोप्या ओढून, एकामागे एक, मेणबत्त्या उलट्या धरून बेटाभोवती तीन प्रदक्षिणा घालत राहिले, मेणाचे थेंब जमिनीवर पडत राहिले, आणि स्वतःच्या सुखासाठी जो कोणी या बेटाची मालकी सांगेल त्याचे भले होणार नाही, असा शाप त्यांनी दिला. ही कथा मी आईला ओकाच्या सावलीत बसून सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. "म्हणजे इथेही राखणदार आहे," ती म्हणाली.

तिच्या माहेरच्या गावाला देवराई आहे. त्या राईतले वाळके लाकूडसुद्धा कोणी घरी नेत नाही, कारण राखणदाराला ते चालत नाही. लहानपणी मला त्या राईची भीती वाटत असे. लोक्रुमवर बसून आज मला पहिल्यांदा वाटले की, त्या भीतीने आमच्या गावात जे राखले तेच इथे आधी एका शापाने आणि नंतर एका कायद्याने राखले.

शापाची कथा लोकांनी जिवंत ठेवली त्याला एक मोठे कारण मिळाले. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यातील मॅक्सिमिलियनने बेट विकत घेतले, मठाच्या आवारात उन्हाळी निवास बांधला, बागा लावल्या. १८६४ मध्ये तो मेक्सिकोचा सम्राट झाला आणि १९ जून १८६७ रोजी केरेतारो येथे त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. पत्नी शार्लोटचे मन त्या काळातच ढासळले. ती १९२७ पर्यंत जगली. मॅक्सिमिलियनची शवपेटी व्हिएन्नामध्ये, कापुचिन संन्याशांच्या तळघरात आहे. ती मी अनेकदा पाहिली होती. त्याच्या आवडत्या झाडांखाली उभी राहिल्यानंतर तो माणूस मला थोडा जवळचा वाटला.

त्याने कॅनरी बेटांवरून मोर आणले असे सांगतात. त्यांचे वंशज आज बेटभर फिरतात, आणि ते आपलेच भारतीय निळे मोर आहेत! मठाच्या अंगणात एकाने पिसारा पूर्ण उभारला आणि थरथरवला. पिसांचा तो सळसळता आवाज जवळून ऐकताना आईचे डोळे भरून आले. केकारव झाला तशी ती सवयीने आकाशाकडे पाहू लागली. आकाश निरभ्र होते.

वनस्पती उद्यान १९५९ चे. त्यात नीलगिरी, निवडुंग आणि घायपात पाहून आपल्या माळरानांची आठवण येते. फ्रेंचांनी १८०६ मध्ये सुरू केलेला किल्ला माथ्यावर आहे. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे मी एकटीच चढले आणि वरून शहराची लाल कौले पाहून लगेच उतरले. दुपारचा मोठा वेळ आम्ही 'मृत समुद्र' या खाऱ्या तळ्यावर घालवला. खडकाखालच्या वाटेने बाहेरचा समुद्र आत येतो. बाहेर लाट उठली की तळ्याचे पाणी श्वास घेतल्यासारखे किंचित वर येते आणि खाली जाते. रेतीचा किनारा कुठेच नाही, चुनखडीचे धारदार खडक आहेत, तेव्हा पाण्यात उतरायचे असेल तर रबरी चपला घ्याव्यात.

शेवटच्या बोटीची वेळ झाली, तशी वाटांवरून माणसे धक्क्याकडे येऊ लागली. मागे पाइनच्या फांदीवर एक मोर उडून बसला, लांब शेपटी खाली सोडून. आईने मुठीतले पान झाडाच्या बुंध्याशी ठेवले, बेटाला हात जोडले आणि मग बोटीत पाऊल टाकले.