वळणावर डोळे कुठे असतात

"सर, वळणावर तुम्ही स्वतः कुठे बघता?"

कुंभार्ली घाटात बाईंनी हे विचारलं, त्याला महिना झाला. चिपळुणात १९ वर्षं मी गाडी शिकवतोय आणि मला उत्तर देता आलं नाही.

बाई शाळेत शिकवतात. हाफ क्लच, चढावर गाडी उचलणं, सगळं पक्कं. परवानाही मिळालेला. मैदानात आठ काढला की परवाना मिळतो, घाटाचं कुणी विचारत नाही, याची मला फार चीड येते. इथून देशावर जायचं तर घाट चढावाच लागतो!

आम्ही दुसऱ्या गिअरवर उतरत होतो. दरी डावीकडे, वळणही डावं. मी नेहमीचंच म्हणालो, "आतली कड बघा." बाईंनी बघितली. कठड्याच्या एका दगडावर नजर खिळली, हात ताठ झाले आणि गाडी त्या दगडाकडेच निघाली. माझ्या बाजूचा ब्रेक दाबून स्टिअरिंग ओढलं, तेव्हा डावं चाक साइडपट्टीवर उतरलेलं होतं.

नंतर डॅशबोर्डवर मोबाइल माझ्या तोंडाकडे करून लावला आणि घाट तीनदा चढलो-उतरलो. हात वळायच्या आधीच माझे डोळे आतल्या कडेला जातात, जिथून पुढे ती वळणाआड होते तिथे. मग समोरच्या रस्त्यावर, पुन्हा कडेला. १९९४ साली लँड आणि ली या शास्त्रज्ञांनी एडिंबराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर चालकांची नजर टिपली होती. त्यांनाही हेच दिसलं: वळणाच्या एक-दोन सेकंद आधी नजर त्या जागी जाते. ती जागा नाकासमोरून जितकी बाजूला, तितकं वळण तीव्र. स्टिअरिंग किती फिरवायचं ते हातांना तिथून कळतं. पुढच्या काही संशोधकांचं म्हणणं वेगळं आहे: चालक कड नव्हे, गाडी जिथून जाणार तो रस्ता बघतो. शिकवताना मला हेच जास्त उपयोगी वाटतं. दगड जागचा हलत नाही. मी बघतो ती जागा गाडीबरोबर पुढे सरकत असते. हे मी १९ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी त्याच वळणावर बाईंना म्हटलं, "कुठे बघताय ते बोलत चला."

"पट्टी... पुढची पट्टी... मोरी... ट्रक."

ट्रकवर आवाज थांबला, हातही थांबले.

"ट्रक सोडा बाई, रस्ता बोला."

"रस्ता," बाई म्हणाल्या, आणि हात वळले.