हूल आणि कावा

कोल्हापुरातील एका वृत्तपत्रात मी मुद्रितशोधक असताना, खासबाग मैदानातील कुस्तीच्या बातमीत ‘पटाची हूल देऊन’ असे शब्द आले होते; पट म्हणजे पाय धरून ओढण्याचा डाव. ‘हूल उठणे’ म्हणजे अफवा पसरणे एवढाच अर्थ माझ्या डोक्यात असल्याने मी ते खोडून ‘कावा करून’ असे केले आणि पान सोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पैलवानाचे वस्ताद कार्यालयात आले. ‘‘आमच्या पोरानं कावा कुठं केला हो? हूल दिली, हूल!’’ असे म्हणून त्यांनी माझ्या टेबलासमोरच पवित्रा घेतला. पट काढण्यासाठी हात पायाकडे गेल्याचे दिसताच समोरचा कंबर मागे नेतो आणि त्याची मान आपोआप पुढे येते. हवी असते ती मान, पाय नव्हे. कावेबाज म्हणजे लबाड, तेव्हा माझ्या दुरुस्तीने त्यांच्या शिष्याचा डाव बेइमानीचा ठरला होता.

संध्याकाळी मी मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश काढला, तेव्हा ‘कावा’ या शब्दाचा मूळ अर्थ घोड्याला गोल फिरवणे असा निघाला. कपट हा अर्थ लाक्षणिक. शब्द फारसीतून आलेला. सरळ चालून न जाता वळसा घेणाऱ्या घोड्यावरूनच आडवळणाने गाठण्याचा अर्थ त्याला चिकटला असावा, असे मला वाटते. ‘गनिमी कावा’मधला ‘गनीम’ अरबी, त्याचा अर्थ शत्रू; मोगल तो शब्द मराठ्यांसाठी वापरत. म्हणजे शत्रूने आपल्याला दिलेले नाव आपण आज अभिमानाने उच्चारतो, ही गंमत वेगळीच.

दोन्ही शब्द मुळात हालचालींचेच आहेत, या शोधाने मला थोडे हायसे वाटले, आणि तो बचाव मी वस्तादांना दूरध्वनीवर ऐकवलाही. ते शांतपणे म्हणाले, ‘‘घोड्याचं घोड्याला ऱ्हाऊ द्या. आमचं तेवढं हूल छापा.’’

चार ओळींची दुरुस्ती मी स्वतः लिहिली. अक्षरजुळणी करणाऱ्याने तीत ‘हुल’ असे ऱ्हस्व केले होते. मी ते दीर्घ केले, पुढच्या ओळीतले ‘हुलीने’ मात्र ऱ्हस्वच ठेवले, आणि या वेळी पान सोडण्यापूर्वी क्रीडा वार्ताहराला दाखवले.